डोळ्यांची साक्ष, फितीची साक्ष



डोळा आणि कान यांत चार बोटांचं अंतर, असं आपण म्हणतो. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पाहिलेलं तेवढंच खरं माना, असा त्याचा अर्थ. आज मी ज्या खुनाविषयी बोलणार आहे, तो शेकडो माणसांनी पाहिला, ऐकला आणि कॅमेऱ्यानंही टिपला. तरी त्याचा वाद साठ वर्षांनंतरही मिटलेला नाही.

तारीख २२ नोव्हेंबर १९६३, अमेरिकेतलं डॅलस शहर. दुपारी साडेबाराच्या सुमारास अध्यक्ष जॉन केनेडी यांची उघडी मोटार डीली प्लाझा या चौकातून एल्म स्ट्रीटच्या उतारावर आली. बायकांच्या कपड्यांचा धंदा करणारे अब्राहम झॅप्रुडर तिथे एका सिमेंटच्या चौथऱ्यावर उभे होते. हातात आठ मिलिमीटरचा घरगुती कॅमेरा होता. त्यांनी मोटारीवर कॅमेरा रोखला आणि गोळ्या झाडल्या जात असतानाही तो खाली घेतला नाही. सव्वीस सेकंदांची, ४८६ चौकटींची ती फीत. तिला आवाज नाही.

आपण रेडिओ ऐकणारी माणसं, म्हणून हे आधी लक्षात घेऊ. ही फीत मुकी आहे. गोळ्या किती झाडल्या, हे ती सांगू शकत नाही. ते कानांनाच विचारावं लागतं. बहुतेक साक्षीदार म्हणाले, तीन. पण कुठून, यावर एकमत झालं नाही. कुणी मागच्या शालेय पुस्तकांच्या गोदामाकडे बोट दाखवलं, कुणी पुढच्या हिरवळीच्या उंचवट्याकडे. इमारतींनी वेढलेल्या त्या चौकात आवाज घुमत होता.

खुद्द झॅप्रुडर यांची साक्ष मला फार मोलाची वाटते. १९६४ साली या खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगापुढे ते म्हणाले, की दोन आवाज ऐकल्यासारखं वाटतं, तीनही असतील. आवाज आपल्या मागून आला असं त्यांना वाटलं होतं. पण का वाटलं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं: पोलीस मागच्या बाजूला धावत सुटले, म्हणून. कानांनी ऐकलेलं किती आणि नंतर मनानं जोडलेलं किती, हे त्यांनी वेगळं करून दाखवलं. साक्ष तोलायची म्हणजे हेच करायचं.

याच तराजूत गव्हर्नर जॉन कॉनली यांची साक्ष घालून पाहू. केनेडींच्या पुढच्याच आसनावर ते बसले होते, स्वतः जखमी झाले. ते शेवटपर्यंत सांगत राहिले, की पहिला आवाज मी ऐकला, मागे वळू लागलो आणि मग मला गोळी लागली. आयोगाचं मत असं, की एकच गोळी केनेडींच्या मानेतून निघून कॉनलींना लागली. त्यामागे फितीचं गणित होतं. तो कॅमेरा सेकंदाला सरासरी १८.३ चौकटी टिपत होता, म्हणजे फीत हे एक घड्याळच झालं. गोदामात सापडलेल्या रायफलीतून दोन गोळ्या झाडायला किमान २.३ सेकंद, म्हणजे सुमारे ४२ चौकटी लागत. दोघांच्या हालचालींत तेवढं अंतर फितीत दिसत नाही.

मग कॉनली खोटं बोलले का? मुळीच नाही. पहिल्या आवाजाच्या वेळी त्यांना केनेडी दिसलेच नव्हते. पहिली गोळी कुणालाच लागली नसेल, तर त्यांची आठवण आणि फीत दोन्ही खरी ठरतात. पहिली गोळी केनेडींना लागली, असंही ते म्हणत; पण हा भाग त्यांनी मागाहून जोडलेला होता. त्यांच्या पत्नीची आठवण मात्र या हिशेबात बसत नाही. आपण वळून पाहिलं तेव्हा केनेडींचे हात गळ्याशी गेले होते आणि त्यानंतर आपल्या पतीला गोळी लागली, असं त्या सांगत. न बसणारी साक्षही जपून ठेवावी लागते.

आता सगळ्यांत जवळची साक्षीदार. फितीत दिसतं, की जॅकलिन केनेडी मोटारीच्या मागच्या भागावर चढल्या आणि अंगरक्षक क्लिंट हिल धावत येऊन त्यांच्यापर्यंत पोहोचले. आयोगापुढे जॅकलिन म्हणाल्या, की तशी छायाचित्रं आहेत खरी, पण मला त्यातलं काहीही आठवत नाही. मांडीवर पतीचं डोकं घेतलेल्या त्या बाईच्या मनानं ते क्षण ठेवून घेतले नाहीत. इथे फितीचं ऐकायचं, आणि त्या माउलीपुढे मान लववायची.

पण फीत पाहणाराही शेवटी साक्षीदारच असतो. खुनानंतर तीनच दिवसांत पत्रकार डॅन रॅदर यांनी ती एकदा पाहिली आणि स्मरणानं वर्णन केलं, की केनेडींचं डोकं जोरात पुढे गेलं. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. १९७५ साली ती फीत अमेरिकेच्या राष्ट्रीय टीव्हीवर आली तेव्हा घराघरांत दिसलं, की डोकं मागे जातं. आयोगाच्या छापील खंडांत तर ३१४ आणि ३१५ या चौकटींची अदलाबदल झाली होती. ती छपाईची चूक होती, असा खुलासा एफबीआयनं केला. दोन चित्रांची जागा बदलली, की हालचालीची दिशा बदलते.

म्हणून मी तुम्हांला कळकळीनं सांगतो, माणूस की यंत्र, असा पक्ष घेऊ नका. किती वेळात घडलं, कशाच्या आधी काय घडलं, हे फितीला विचारा. काय ऐकू आलं, काय वाटलं, हे माणसाला विचारा. आणि दोघांनाही विचारा, यातलं तुम्ही मागाहून जोडलेलं किती?

शेवटी एकच गोष्ट सांगतो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांनी या मुक्या फितीतून गोळ्यांची वेळ शोधायचा प्रयत्न केला. काही चौकटी पुसट, हललेल्या आहेत. आवाजानं दचकून झॅप्रुडर यांचा हात हलला असावा, असा त्यांचा तर्क होता. यंत्रानं टिपलेल्या त्या चित्रांत एका माणसाच्या हाताचा थरकाप उतरला आहे. फितीला कान नव्हते, पण ती धरणाऱ्या माणसाला होते.