संघाची खरेदी : हौस आणि हिशेब

(सुवर्णमहोत्सवानिमित्त येलहंका येथे केलेले भाषण)



आयपीएल क्रिकेटचा मोसम आला की येलहंक्यातील आम्हा मराठी घरांत दोन पक्ष पडतात. आम्ही मुंबईचे, तर आमची मुले बंगळुरूची. प्रेक्षकाला ही हौस शोभते. संघ विकत घेणाऱ्याला मात्र हिशेब चुकवून चालत नाही.

२००८ साली बंगळुरूचा संघ ११ कोटी १६ लाख डॉलरना विकला गेला. २०१० मध्ये सहारा समूहाने पुण्याच्या संघासाठी ३७ कोटी डॉलर देऊ केले. दोन्ही रकमा दहा वर्षांत फेडावयाच्या होत्या. खेळ तोच, प्रक्षेपणहक्कांच्या उत्पन्नाचे कोठारही तेच. पण पुण्याच्या शिरावरील ओझे तिपटीहून अधिक. सामने अपेक्षेपेक्षा कमी झाले, शुल्कात सूट मिळेना. अखेर २०१३ मध्ये नियामक मंडळाने बँकेची हमी वटवताच सहाराने अंग काढून घेतले. तीन मोसमांतच पुण्याचा तो संघ संपला.

इकडे बंगळुरूच्या मूळ मालकांची विमानकंपनी २०१२ मध्ये बंद पडली. तरीही संघ तगला, कारण तो चालत्या मद्यकंपनीच्या मालकीचा होता. पुढे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले व धीर धरणाऱ्यांचे चीज झाले. करंडक मात्र २०२५ सालीच लाभला!

तात्पर्य, नफा विजयापेक्षा खरेदीच्या किमतीवर आणि मालकाच्या दमावर अवलंबून असतो. मालकाने काढता पाय घेतला की प्रेक्षकांची माया पोरकी होते. तिची हमी कोणतीही बँक देत नाही.