आकड्यांना बोलते करा



प्रमाणपत्राने हुनर येत नाही, रियाज लागतो. डॅशबोर्ड म्हणजे एका नजरेत हकीकत सांगणारा आकड्यांचा फलक. सरावासाठी 'कॅगल' या संकेतस्थळावर 'टायटॅनिक'च्या 891 प्रवाशांची माहिती मोफत मिळते. त्यात पहिल्या वर्गाचे 136 वाचले, तिसऱ्याचे 119. फरक किरकोळ वाटतो ना? पण पहिल्या वर्गात प्रवासी होते 216, तिसऱ्यात 491. टक्केवारी मांडा: 63 आणि 24! गरिबाची कहाणी आता दिसते. फलक अम्मीला दाखवा. तिला उमगला नाही तर पुन्हा मांडा. पालकहो, मुलींनाही संगणकावर रोज तासभर बसू द्या. नोकरीच्या वेळी हेच काम दाखवता येईल.