कुत्रा चावण्यापूर्वीं

‘भुंकणारें कुत्रें चावत नाहीं’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे कीं, तिची शहानिशा करावी असें कोणास वाटतच नाहीं. वास्तविक ती म्हण माणसांविषयीं आहे; वाचाळ मनुष्य कृतिशूर नसतो एवढेंच तिला सांगावयाचें असतें. कुत्र्यांना लागू केली तर ती निखालस खोटी ठरते. भुंकणारा कुत्रा चावतो, न भुंकणाराहि चावतो. आणि रस्त्यावरचा तर चावतोच, पण घरांत वाढलेला, मुलांच्या अंगाखांद्यावर खेळलेला कुत्राहि एखादे दिवशीं चावतो. असें घडलें म्हणजे घरची मंडळी हटकून एकच वाक्य उच्चारितात : ‘आजवर कधीं असें केलें नव्हतें, एकाएकीं चावला !’ या ‘एकाएकीं’ शब्दांतच सारी गफलत आहे.

कुत्र्याला वाचा नाहीं, परंतु भाषा आहे. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनीं ही भाषा एका शिडीच्या रूपानें मांडून दाखविली आहे. शिडीच्या अगदीं खालच्या पायरीवर जांभई देणें, डोळे मिचकाविणें, नाक चाटणें हीं साधीं लक्षणें आहेत. त्यावर तोंड फिरविणें. मग अंग वळविणें, उठून दूर जाणें. मग कान मागें पाडून अंग चोरणें, शेपूट पोटाशीं घेणें. एवढ्यानें भागलें नाहीं तर अंग ताठ करून टक लावून पाहणें, गुरगुरणें, हवेंत दांत आपटणें आणि अगदीं शेवटीं चावा. माणसाला मात्र यांतील वरच्या दोनतीन पायऱ्या तेवढ्या दिसतात.

पांच वर्षांचा मुलगा निजलेल्या कुत्र्याच्या गळ्यांत हात घालतो. कुत्रा मान वळवितो, नाकावरून जीभ फिरवितो, त्याच्या डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसूं लागतो. आई कौतुकानें म्हणते, ‘बघा, किती शहाणा, कांहीं करीत नाहीं !’ आणि कोणीतरी छायाचित्रहि काढतें. त्या छायाचित्रांत कुत्रा ‘पुरे कर’ असें तीन वेळां सांगत असतो. मुलाचें तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतें. म्हणूनच लहान मुलांना होणारे चावे पुष्कळदां चेहऱ्यावर आणि मानेवर असतात. शेपूट हलली म्हणजे स्वारी खूष, हाहि असाच एक भ्रम. ताठ, उंच धरलेली आणि जलद थरथरणारी शेपूट स्नेहाची नव्हे, ताणाची खूण असते.

याहून मोठी चूक गुरगुरण्याच्या बाबतींत होते. कुत्रा गुरगुरला कीं त्याला फटका द्यावा, ‘मालक कोण’ हें त्याला दाखवावें, असा उपदेश अजूनहि सर्रास ऐकूं येतो. परंतु गुरगुरणें हा उद्दामपणा नव्हे, ती सूचना आहे. मारानें गुरगुरणें थांबतें. तें ज्यामुळें उत्पन्न झालें ती भीति, ती वेदना, ताटलींतलें अन्न जाईल ही धास्ती मात्र जागच्या जागीं राहते. पुढच्या खेपेस कुत्रा तेवढी पायरी गाळून थेट चावतो, आणि मग तो ‘एकाएकीं’ चावला असें होतें. या उपदेशाचें मूळहि डळमळीत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनीं १९४७ सालीं बंदिवासांतील लांडग्यांची वरचढपणासाठीं चाललेली झुंज वर्णिली. पुढें तीच कल्पना कुत्र्यांवर लादली गेली. पण रानांतील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांचीं पिल्लें एवढें एक कुटुंबच, हें डेव्हिड मीच यांनीं १९९९ सालीं स्पष्ट केलें. कुत्रा तर लांडगाहि नव्हे.

तेव्हां कुत्रा गुरगुरला तर तेथेंच थांबावें, मुलाला दूर घ्यावें आणि कारण शोधावें. नेहमींचा शांत कुत्रा अचानक चिडका झाला असेल तर प्रथम पशुवैद्याकडे न्यावा; दुखरा कान, किडलेला दांत, म्हातारपणीं धरलेलें कंबरेचें हाड हें पुष्कळदां त्या रागाचें खरें कारण निघतें. जेवतांना त्याची ताटली ओढून ‘संवय’ लावणें हा शुद्ध वेडेपणा होय. उलट, जवळून जातां जातां तींत एखादा अधिक चवदार तुकडा टाकावा. माणसाचा हात म्हणजे लाभ, हें त्याला चार दिवसांत कळतें. तोंडांतली चप्पल सोडवावयाची तीहि अशाच अदलाबदलीनें.

पाया घातला जातो तो मात्र पिल्लूपणांत. आठ आठवडे होईपर्यंत पिल्लूं आईपासून तोडूं नये. भावंडांशीं खेळतांना दांत जोरानें लागले कीं भावंड केकाटतें आणि खेळ थांबतो. दांत किती बेतानें लावावे हें शिक्षण तेथें फुकट मिळतें. घरींहि तोच नियम : दांत लागले, खेळ बंद. आरडाओरडा नको, थप्पडहि नको. साधारण तिसऱ्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लूं जें पाहील तें त्याला पुढें परकें वाटत नाहीं. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, छत्री, काठी टेकणारे आजोबा, रांगणारें मूल, हें सारें त्याच काळांत हळूहळू ओळखीचें व्हावें. लशी पुऱ्या झाल्या नसतील तर पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता दाखवावा, पण दाखवावा. आणि कुत्रा कितीहि गुणी असो, लहान मूल आणि तो यांना खोलींत एकटें सोडूं नये.

इतकें करूनहि दांत लागलाच, तर जखमेवर हळद, तिखट, चुना यांपैकीं कांहींहि लावूं नये. वाहत्या पाण्यानें आणि साबणानें ती पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी वाचणें जवळजवळ अशक्य असतें. लक्षणांपूर्वीं वेळेवर घेतलेली लस मात्र त्याला वांचविते. पोटांत चौदा सुया घ्याव्या लागतील या भयानें कांहीं घरांत अजूनहि चालढकल होते. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतांत २००५ सालापासून वापरांत नाहीं. आतांची लस दंडांत, चारपांच खेपांत देतात, आणि रक्त आलेल्या जखमेंत त्याखेरीज तयार प्रतिद्रव्यहि टोंचतात. कुत्र्याला लस टोंचलेली असली तरी हा निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा. कुत्र्याला दहा दिवस घरींच, नजरेसमोर ठेवावें, आणि तो खातो-पितो कसा याची बातमी रोज डॉक्टरांना द्यावी. उपचार मात्र त्या दहा दिवसांसाठीं अडवून धरूं नयेत.