मॅनेजर कोण आणि डबे कोण सांभाळतं?

(पवई येथे वस्तीतल्या महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून पाणी, रेशन, घराचे कागद यांवर बोलणं झालं. आता मी फुटबॉलवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं, ते ऐकलं मी. हसा खुशाल. पण या विषयात मैदान आहे, पगार आहे, आणि संध्याकाळी सहानंतर मुलीनं कुठे असावं हा प्रश्नही आहे. म्हणजे विषय आपलाच आहे.

२०२५ चा जुलै महिना आठवा. भारताच्या पुरुष संघाचे स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ पद सोडून गेले आणि आपल्या चहाच्या टपऱ्यांवर पोरांचा एकच वाद सुरू झाला: आता कोण? महासंघाकडे १७० अर्ज आले. त्यात झावी या मोठ्या स्पॅनिश खेळाडूच्या नावानंही एक आला, तो बनावट निघाला. तोवर पोरांनी झावीचा पगारसुद्धा ठरवून टाकला होता! शेवटी ऑगस्टमध्ये निवड झाली खालिद जमील यांची. २०१२ नंतर प्रथमच या जागेवर भारतीय माणूस आला.

हा माणूस आला कुठून? तर लहान क्लबांतून. आपल्या मुंबई एफसीचे ते अनेक वर्षं प्रशिक्षक होते. मग ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आधीच्या मोसमात खालच्या विभागात ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली. त्याच ऐझॉलनं २०१७ साली मोहन बागानला एका गुणानं मागे टाकून आय-लीग जिंकली. आणि त्याच मोसमात मुंबई एफसी खाली घसरली, मग बंदच झाली. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडनं गाशा गुंडाळला होता. लहान क्लबांना हवेत कशाला, असं टपरीवर म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की प्रशिक्षक असेच कुठेतरी, पैसे नसताना, चार धड खेळाडू नसताना घडतो. क्लब बंद झाला की ती शाळाच बंद होते.

इथवर मी पोरांच्या बाजूनं बोलले. आता आपल्या बाजूनं.

महिनाभर चाललेल्या त्या वादात मी एकदाही बाईचं नाव ऐकलं नाही. त्याच महिन्याच्या ५ तारखेला भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशिया कपात जाण्याची आपल्या महिलांची ही पहिलीच वेळ. टपरीवर त्याचा उल्लेख झाला तो एवढाच, की ‘पोरींनी तरी जिंकलं’. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री, आणि सहायक प्रिया पी. व्ही. बाई ‘सहायक’ असते, हे तुम्हाला नवीन नाही.

बाईला जमत नाही म्हणावं, तर गोव्याच्या मायमोल रॉकी यांनी २०१७ पासून २०२१ पर्यंत भारताच्या महिला संघाला शिकवलं. आणि २०२२ चा महिला आशिया कप तर आपल्या उंबरठ्यावर झाला. सामने नवी मुंबईत, पुण्यात, आणि इथून जवळ अंधेरीला. अंतिम सामन्यात चीन मध्यंतराला कोरियाच्या दोन गोलांनी मागे होता, तो ३-२ नं जिंकला. चीनच्या प्रशिक्षक होत्या शुई चिंगशिया, एक बाई. पुरुषांच्या संघातही बाईला पहिली दारं उघडली ती मध्यम-लहान क्लबांनीच. फ्रान्समध्ये दुसऱ्या विभागातल्या क्लेरमाँनं २०१४ साली आधी हेलेना कोस्टा यांना नेमलं. आपल्याला न विचारता खेळाडू घेतले गेले, असं सांगून त्या मोसम सुरू होण्याआधीच निघून गेल्या. नेमणूक दिली पण अधिकार दिला नाही. सरपंचबाई आणि सरपंचपती आठवतात की नाही? नंतर त्याच क्लबात कोरिन दियाक्र आल्या आणि तीन वर्षं टिकल्या.

इंग्लंडात ‘मॅनेजर’ म्हणजे संघाचा कर्ताधर्ता. कोण खेळणार, कोण बसणार, तो ठरवतो. आपल्याकडे मुलींच्या संघाबरोबर जी ‘मॅनेजर’ ताई जाते, ती काय ठरवते? ती रेल्वेची तिकिटं सांभाळते, डबे मोजते, रात्री खोलीचं दार लावते, पाळी आलेल्या मुलीला पॅड देते, आणि घरून फोन आला की ‘हो वहिनी, पोहोचलो’ म्हणते. मुलींबरोबर बाई हवी म्हणून ती असते. शिट्टी मात्र सरांच्या गळ्यात. एकच शब्द, पुरुषाला तो हुकूम देतो, बाईला राखण.

मी ज्या मुलींना सरावाला घेऊन जाते, त्यांच्यातली एक बारावी झालेली मुलगी मागच्या वर्षी एका क्लबाकडे गेली. धाकट्या मुलींना शिकवते म्हणाली. त्यांनी तिला ‘ये की’ म्हटलं. पैशांचं विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘तुला आवड आहे ना?’ मुलांना शिकवणाऱ्या पोराला तिथे दरमहा पैसे मिळत होते. आवड त्यालाही होतीच की!

प्रशिक्षकाचा परवाना पायऱ्यांनी मिळतो: डी, सी, बी, ए, मग प्रो. प्रत्येक पायरीला फी, घरापासून लांब राहण्याचे दिवस, आणि मधल्या काळात हाताखाली संघ. फीसाठी वर्गणी काढता येईल. घरच्यांशी बोलायला आपण चौघी जाऊ, ते आपल्याला येतं. पण संघ? तो लहान क्लबातच मिळणार, आणि लहान क्लब मैदानावर जगतो. पवईत तासावर पैसे मोजायचे टर्फ आहेत. ते टॉवरमधल्या मुलांना परवडतात. वस्तीतल्या मुलींना मोकळं मैदान लागतं, आणि तिथे मुलांचा खेळ संपेपर्यंत अंधार पडतो. मग आईच म्हणते, उद्यापासून नको जाऊस. त्या आईला दोष देऊ नका. दिवा नाही, संडास नाही, ती काय करणार?

कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ. पेठा त्यांच्यासाठी जीव टाकतात. लहान क्लबाचा मान कसा असतो, ते शाहू स्टेडियमवर जाऊन बघावं. पण तालीम हा शब्दच पुरुषांच्या आखाड्याचा. ज्या क्लबाच्या मानासाठी एवढी भांडणं होतात, त्यानं मुलींना काय दिलं, हे विचारायचा हक्क आपला आहे. उद्या टपरीवरून जाताना तुमच्याच पोरांना विचारा.

आपल्या अर्जात तीन गोष्टी लिहिल्या आहेत: आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी पाच ते सात मैदान मुलींना, तिथे दिवे आणि बायकांचा संडास, आणि पालिकेच्या मैदानावर खेळणाऱ्या प्रत्येक क्लबात मुलींसाठी पगारी बाई प्रशिक्षक. तिसऱ्या मागणीवर दोघीतिघींनी शंका काढली, की क्लब गरीब आहेत, देतील कुठून. मुलांच्या सरांना देतात तिथूनच.

अर्ज बाहेरच्या टेबलावर आहे, वाचून सही करा. पवई एस विभागात येते, म्हणजे भांडुपला जावं लागेल. गुरुवारी सकाळी कोण कोण येतंय, त्यांनी आत्ताच नावं द्या. मुलींनाही आणा, बूट घालूनच.