पिंप कोणी धरायचे?

(रासायनिक उद्योगातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंत्रीकरण आणि कामगार हा आजच्या सत्राचा विषय आहे. विषय मोठा आहे आणि त्यावर मोठमोठी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. मी आज एका लहानशा यंत्रभागापुरतेच बोलणार आहे. वापरलेली पिंपे यंत्राने धुतली जातात, तेव्हा पिंप योग्य जागी धरून ठेवणारी, ते फिरवणारी आणि कलवणारी जी यंत्रणा असते, तिच्याविषयी. कामगार तिला ‘पाळणा’ म्हणतात, आणि मीही तोच शब्द वापरीन. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी अभ्यासवर्गाचा एक तास खर्च करावा काय, असे कोणाला वाटेल. माझे म्हणणे असे आहे की यंत्र कोणासाठी आणले जाते, ह्या आपल्या जुन्या प्रश्नाचे उत्तर ह्या पाळण्याजवळ उभे राहिले म्हणजे फार स्वच्छ दिसते.

प्रथम पिंपाविषयी थोडे. दोनशे लिटरचे पोलादी पिंप आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. उंची सुमारे ८८ सेंटिमीटर, व्यास ५८ सेंटिमीटरच्या आसपास, रिकामे असताना वजन साधारण १८ ते २० किलो. न्यूयॉर्कच्या आयर्न क्लॅड कंपनीतील हेन्री वेअरहान ह्या कर्मचाऱ्याने १९०५ साली पोलादी पिंपाची एकस्वे मिळवली, तेथून ह्या पिंपाचा वंश सुरू होतो. त्या वेळी त्या कंपनीची मालकीण होती नेली ब्लाय. वेड्यांच्या इस्पितळातील हाल जगापुढे आणण्यासाठी १८८७ साली स्वतः वेडी बनून आत शिरलेली पत्रकार, तीच ही. हे जाता जाता सांगितले. आपल्या कामाची गोष्ट ही की बंद डोक्याच्या पिंपाला वरच्या पत्र्यात दोन तोंडे असतात, एक दोन इंची आणि एक पाऊण इंची, आणि ती मधोमध नसून कडेला असतात. आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचे मूळ ह्या कडेच्या तोंडात आहे.

पिंप आतून धुवायचे म्हणजे काय करावे लागते? उरलेले रसायन आधी निथळून वेगळे जमा करायचे. मग गरम कॉस्टिक सोड्याचे द्रावण दाबाने आत फवारायचे. गंज किंवा घट्ट थर असेल तर द्रावणाबरोबर लोखंडी साखळी आत टाकून पिंप गडगड फिरवायचे, म्हणजे साखळी आतला पत्रा खरवडते. नंतर स्वच्छ पाण्याचे फवारे, मग गरम हवेने वाळवणे, मग आत दिवा सोडून तपासणी. ह्यांतील फवाऱ्याचे काम पिंप उलटे करून केले जाते. फवाऱ्याची तोटी खालून वर येते आणि दोन इंची तोंडातून आत शिरते. तोंड कडेला असल्यामुळे पिंप नुसते उलटे ठेवून भागत नाही. ते स्वतःभोवती इतके फिरवावे लागते की तोंड बरोबर तोटीच्या वर येईल. पाणी निथळवताना पिंप थोडे कलते करावे लागते आणि तोंड सर्वांत खालच्या बिंदूशी आणावे लागते. कल चुकीच्या बाजूला झाला, तर धुतलेल्या पिंपात घाण पाणी तसेच साचून राहते.

हे सारे पाळण्याने करायचे असते. त्याची रचना अवघड नाही. रबर चढवलेले दोन समांतर रूळ, त्यांतील एक मोटरीला जोडलेला. पिंप त्यांवर आडवे पडते आणि रूळ फिरले की तेही फिरते. स्प्रिंगवर दाबलेली एक खीळ वरच्या पत्र्यावर घासत राहते. बूच काढलेले तोंड तिच्याखाली आले की ती आत पडते आणि मोटर थांबते. मग दोन्ही बाजूंच्या पकडी पिंपाला धरतात, आणि हवेच्या दाबावर चालणारा दट्ट्या सगळी चौकट बिजागरीवर उलटी करतो. काही ठिकाणी खिळीऐवजी तोंड शोधणारे विजेचे डोळे असतात. तत्त्व एकच: माणसाचा हात पिंपापाशी असू नये.

आता प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. काही वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्टीतील एका शेडमध्ये काही साथींबरोबर मी गेलो होतो. शेडचे नाव घेण्याचे कारण नाही. अशा शेड त्या एका पट्टीतच आहेत असेही नाही. मालकाने मोठ्या अभिमानाने सांगितले की आमच्याकडे सर्व धुलाई ‘ऑटोमॅटिक’ आहे. पाहिले तर पंप होता, द्रावण तापवणारी टाकी होती, वेळ मोजणारी घड्याळी कळ होती. पाळणा मात्र नव्हता. पाळण्याच्या जागी दोन माणसे होती. एकाने पिंप उचलून उलटे करायचे, तोंड अंदाजाने तोटीवर आणायचे आणि गुडघ्याने टेकून धरायचे. दुसऱ्याने पायाने पावडी दाबायची. पाय उचलला की फवारा थांबावा, ही त्या पावडीतली एकमेव सुरक्षेची सोय. तिच्यावर एक वीट ठेवलेली होती. दुसऱ्या माणसाला तेवढ्या वेळात पुढचे पिंप आणायला पाठवता यावे म्हणून.

तोटी तोंडात न शिरता पत्र्यावर आपटली, तर गरम कॉस्टिक उलट अंगावर येते. आम्ल कातडीला पोळते हे आपल्याला ठाऊक असते. अल्कली त्याहून खोल जाते, आणि डोळ्यात गेली तर बाहेरून फारसे दिसत नसतानाही आत काम करीत राहते. पिंप धरणाऱ्या त्या गृहस्थांच्या हातावर कोपरापर्यंत जुने पांढरे डाग होते. मी विचारले, “दादा, हे कशाने?” ते म्हणाले, “कशाने म्हणजे? रोजचंच आहे.” त्यांनी हातमोजे घातले नव्हते. हातमोजे शेडमध्ये होते, खुंटीला टांगलेले. ओल्या मोज्यातून पिंपाची कड निसटते म्हणून ते घालीत नसत. मालक ह्याला कामगारांची बेपर्वाई म्हणत होता, आणि आमच्यातलाही एक जण मान डोलावत होता. परंतु निसटणारे पिंप हाताने धरायला लावायचे आणि मग मोजे घालत नाही म्हणून त्याच हाताला दोष द्यायचा, हा कोणता न्याय?

वजनाचाही हिशेब करून पाहा. एका पाळीत शंभर पिंपे धुतली आणि प्रत्येक पिंप तीनदा उचलले, फवाऱ्यावर, स्वच्छ पाण्यावर आणि निथळायच्या घोडीवर, तर १८ किलोच्या हिशेबाने ५,४०० किलो वजन एका माणसाच्या कमरेवरून जाते. आत उरलेले द्रावण आणि साखळी ह्यांत धरलेली नाही.

म्हणून मी म्हणतो की अशा शेडमध्ये यंत्रीकरण झाले असे म्हणणेच चूक आहे. ज्या भागाने उत्पादन वाढते तो भाग विकत आणला, आणि ज्या भागाने माणूस वाचतो त्या भागाच्या जागी माणूस उभा केला. पंपाने वेग ठरवला आणि त्या वेगाला पिंप पुरवणारा यंत्रभाग म्हणून कामगार बसवला. १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात विणकरांनी जास्त माग सांभाळण्याच्या योजनेला विरोध केला, त्याला कित्येक शहाण्यांनी यंत्राचा द्वेष म्हटले होते. तो विरोध यंत्राला नव्हता, यंत्राच्या नावाखाली माणसावर टाकलेल्या बोजाला होता. ह्या शेडमध्ये तर आपली मागणी अशी असली पाहिजे की यंत्र अर्धे का आणले, पुरते आणा.

ह्यावर आपल्याच कार्यकर्त्यांकडून येणारा आक्षेप मला माहीत आहे. पाळणा आला तर त्या दोन माणसांचे काय? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. पाळणा आल्यावर दोनांचे काम एक माणूस करू शकतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण धुण्याच्या साखळीत आज न होणारी कामे पुष्कळ आहेत. आलेल्या पिंपात पूर्वी काय होते ह्याची नोंद, बेजमेळ पिंपे वेगळी काढणे, दिव्याने आतली तपासणी, गळतीची चाचणी. ही कामे होत नाहीत म्हणून एका पिंपातले आम्ल दुसऱ्या पिंपातल्या सल्फाइडच्या गाळाशी भेटते आणि हायड्रोजन सल्फाइडसारखा जीवघेणा वायू शेडमध्ये उठतो. पाळण्याची मागणी आणि ह्या कामांवर त्याच माणसांना घेण्याची मागणी एकाच कागदावर, एकाच सहीने झाली पाहिजे. पहिली मान्य करून दुसरी पुढच्या वर्षावर ढकलण्याची तडजोड कोणी करू नये. मला स्वतःला असे वाटते की ह्या बाबतीत आपण पूर्वी चुका केल्या आहेत; पाळणा आला तर माणूस जाईल ह्या भीतीने पाळणा मागितलाच नाही, आणि माणूस तरीही गेला, कधी कमरेने तर कधी डोळ्याने.

डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा विचार मांडला होता, विजेवर चालणारे पण थोड्या भांडवलात उभे राहणारे यंत्र. पाळणा हे तसेच यंत्र आहे. रूळ, मोटर, दात्यांचे चाक, बिजागरी आणि हवेचा दट्ट्या, ह्यांतले काहीच परदेशातून आणावे लागत नाही. औद्योगिक वसाहतीतला कोणताही बरा फॅब्रिकेटर तो बांधून देईल. तेव्हा ‘परवडत नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. पंप परवडला ना, असे विचारा.

आता कायद्याविषयी. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३७ व्या कलमात असे होते की ज्वालाग्राही पदार्थ ज्यात आहे वा होता, असे भांडे तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकण्याची पुरेशी व्यवस्था केल्याखेरीज गॅसने कापू नये वा जोडू नये. नीट न धुतलेले पिंप भंगारवाल्याकडे जाते, तेथे त्याचे डोके गॅसने कापताना स्फोट होतो, आणि मरतो तो ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही असा मनुष्य. २०१६ च्या घातक कचरा नियमांनी घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे पहिल्या अनुसूचीत घातली आहेत, आणि अशी पिंपे धुऊन पुन्हा वापरण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कार्यपद्धती आहे. म्हणजे कागद आहे. पण १९४८ चा कायदा वीज वापरणाऱ्या जागी १० कामगारांना लागू होत असे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा २० वर नेली. पिंपे धुणाऱ्या शेडमध्ये वीस माणसे किती ठिकाणी असतात? सरकारने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामांना ही मर्यादा लागू नाही, अशी तरतूद त्याच संहितेत आहे. तिच्यावर बोट ठेवून प्रत्येक शेडचा प्रश्न आपल्याला उपस्थित करता येतो.

आणि हा प्रश्न शेडच्या दारापाशी संपत नाही. टंचाईच्या गावांत, शहरांतल्या वस्त्यांत पाणी कशात भरून ठेवतात? निळ्या प्लॅस्टिकच्या आणि रंग दिलेल्या पोलादी पिंपांत. ती पिंपे पूर्वी कशाची होती हे विकणारा सांगत नाही आणि विकत घेणारी बाई विचारू शकत नाही. पिंप चुकीच्या बाजूला कलून राहिले होते की नाही, ह्याचा परिणाम तिच्या घरातल्या मुलांपर्यंत पोहोचतो. वस्तीतल्या आपल्या महिला कार्यकर्त्यांना ह्या मागणीत सामील करून घेण्याचे कारण हेच आहे.

शेवटी पाळण्याविषयीच दोन गोष्टी, कारण पाळणा मिळाला म्हणजे सगळे झाले असे नाही. फिरता रूळ आणि पिंप ह्यांच्या मधल्या फटीत बाही सापडली तर हात आत ओढला जातो. तेथे जाळी हवी, आणि जाळी उघडताच मोटर बंद पडली पाहिजे. दुसरे, हवेचा दाब अचानक गेला तर उलटी चौकट पिंपासकट खाली येते. म्हणून दाब नसतानाही तिला अडवून धरील असा लोखंडी अडसर हवा. मालक पाळणा बसवील तेव्हा ह्या दोन गोष्टी गाळून बसवील, हे अनुभवाने सांगतो.

मागणीपत्राचा मसुदा पुढच्या बैठकीत येणार आहे. त्याआधी प्रत्येकाने आपल्या भागातल्या निदान एका शेडमध्ये जावे आणि तीन गोष्टी लिहून आणाव्यात: पाळीत किती पिंपे होतात, पिंप तोटीवर कोण धरतो, आणि पावडीवर काय ठेवलेले आहे.