पहाऱ्यावरचा माणूस



रात्रीच्या व्याख्यानाला जागणाऱ्या मंडळींपुढे जागण्याविषयीच बोलावे, असे आम्ही योजले आहे. आपल्यापैकी ज्यांनी ज्वारीच्या शेतात माळ्यावर रात्र काढली असेल, त्यांना पहारा म्हणजे काय हे सांगायला नको. डुकरांचा कळप आला की झोप आपोआप उडते. कठीण असते ते कोणीच येत नाही तेव्हा. पहाटे गोफण हातातून कधी गळून पडते ते कळतही नाही. शेतकऱ्याची त्यापायी थोडी ज्वारी जाते. शिपायाचे तसे नाही. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन शिपायाला युद्धक्षेत्रात पहारा चुकल्याबद्दल देहान्तापर्यंतची शिक्षा होऊ शकत असे. मग तो रशियाच्या बर्फात उभा असो की फ्रान्सच्या किनाऱ्यावर.

पण ही जर्मनांचीच कडक रीत, असे समजू नका. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी न्यायालयांनी पहाऱ्यावर झोपल्याबद्दल ४४९ जणांना मृत्युदंड सुनावला. प्रत्यक्षात गोळ्या घातल्या त्या दोघांनाच, १९१७ साली, मेसोपोटेमियात. इतरांच्या शिक्षा सौम्य केल्या गेल्या. थकलेल्या देहाला मरणाचा धाकही फार वेळ जागवू शकत नाही, हे सेनापतींनाही उमगले असावे, असे आम्हांला वाटते.

मग माणसाला जागवते काय? त्यासाठी आपल्या खानदेशातच येऊ या.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांकडे गेला. सातपुड्यातले आणि सातमाळ्यातले भिल्ल त्यांना काही केल्या आवरेनात. पलटणी पाठविल्या, गावे जाळली, माणसे पकडली; उपयोग शून्य. अखेर १८२५ साली जेम्स आउट्रॅम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगावी भिल्लांचीच पलटण उभी करायला घेतली. ज्यांच्यापासून रक्षण करायचे, त्यांनाच रक्षक नेमायचे! लोक हसले असतील. हा गृहस्थ मात्र त्यांच्याबरोबर शिकारीला जाई, त्यांच्यात राही. पुढे ही नवी पलटण मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हा तिथल्या जुन्या शिपायांनी, त्यांत उच्चवर्णीयही होते, भिल्लांना सुपारी देऊन त्यांचे स्वागत केले. आम्हांला सगळ्या हकिकतीत ही सुपारी मोठी वाटते. ज्याला आजवर चोर म्हणून हाकलले, त्याच्या हातावर कोणी बरोबरीच्या नात्याने सुपारी ठेवली, की तो पहाऱ्यावर झोपत नाही. आउट्रॅमचा हेतू काही धर्मादाय नव्हता, हेही विसरू नये. साहेबाला मुलूख शांत हवा होता, आणि तो स्वस्तात हवा होता.

या स्वस्ताईचे दुसरे टोक सेंधव्याच्या घाटात दिसते. मुंबई–आग्रा रस्त्यावरचा तो घाट राखण्याचे काम खाज्या नाईकांकडे होते. त्यांचे वडील गुमान नाईक यांच्याकडेही तेच होते. वर्षानुवर्षे त्यांनी गाड्या आणि वाटसरू सुखरूप पार केले. पुढे त्यांच्या ताब्यातला एक संशयित मारहाणीत मेला. नाईकांची नोकरी गेली, तुरुंगवास घडला. त्या मृत्यूची सफाई आम्ही देणार नाही. पण १८५७ साली रस्ता पेटला, तेव्हा सरकारला पुन्हा त्यांचीच आठवण झाली आणि घाट पुन्हा त्यांच्या हाती दिला. खाज्या नाईकांनी थोड्याच दिवसांत बंडाचे निशाण उभारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात घाटातून जाणारा सुमारे सात लाखांचा खजिना लुटला गेला. घाटाची प्रत्येक वाट ज्यांना पाठ, त्यांच्यापासून खजिना कोण राखणार? ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली, भिल्लांची फार माणसे पडली. १८६० साली नाईक मारले गेले, तेही दगाबाजीने.

आता ८४ वर्षे पुढे या. १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, आणि त्याच दिवशी आपल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना अडविला गेला. धुळ्याहून नंदुरबारकडे तो पोलीस पहाऱ्यात चालला होता. डॉ. उत्तमराव पाटील आणि साताऱ्याकडचे जी. डी. लाड यांच्यासह क्रांतिकारकांनी साडेपाच लाखांवर रक्कम हस्तगत केली. पहाऱ्यावरचे शिपाई भित्रे होते, असे आम्ही म्हणणार नाही. तीही याच मातीतली माणसे. नंदुरबारला १९४२ च्या सप्टेंबरात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले, ते या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नव्हते? तो खजिना राखताना आपण कोणाचे धन राखतो आहोत, हा प्रश्न शिपायाच्या मनात उभा राहिला असेल, तर बंदूक हातात असूनही हात हलका पडतो.

त्या पैशाचा उपयोग साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या कामाला झाला. क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ पासून १९४६ पर्यंत भूमिगत होते आणि सरकारला सापडले नाहीत. त्या वर्षांत गावेच्या गावे त्यांच्याभोवती जागत होती, वेशीवर, मळ्यात, उसाच्या फडात. त्यांना पगार नव्हता, हजेरीपट नव्हता, आणि पाळी बदलायला कोणी हवालदारही येत नव्हता.