उष्णतेला न जुमानणारें पोलाद

१८०२ सालीं विल्यम लॅम्ब्टन यानें मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणीची आधाररेषा आंखली. सुमारें साडेसात मैलांची ही रेषा मोजण्यास शंभर फुटी पोलादी सांखळी होती. सांखळी मजबूत खरी. पण उन्हानें ती लांबे आणि गारव्यानें आंखडे. म्हणून ती लांकडी पेट्यांत ठेवून, वर तंबूची सावली धरून व थर्मामीटर पाहून एकेक माप घ्यावें लागलें. इतकी दक्षता अवश्यच होती. कारण आधाररेषेंतील चूक तिच्यावर उभारलेल्या प्रत्येक त्रिकोणांत उतरते.

लोखंडांत थोडासा कर्ब मिसळला कीं पोलाद होतें. कर्बाचें प्रमाण पुरेसें असेल, तर तें लाल तापवून पाण्यांत बुडवितांच अत्यंत कठीण बनतें. चाकू, कानस, स्प्रिंग हीं सारीं याच गुणावर चालतात. परंतु उष्णता सेंटिग्रेडच्या एका अंशानें वाढली, कीं पोलाद आपल्या लांबीच्या दहा लक्षांश भागांपैकीं अकरा-बारा भाग वाढतें. हें प्रमाण क्षुल्लक वाटेल. पण तीस मीटरची पोलादी फीत वीस अंशांनीं तापली, तर ती सुमारें सात मिलिमीटर लांबते. पोलादी दांडीच्या लंबकाचें घड्याळ एका अंशाच्या उष्णतेनें दिवसाला अर्धा सेकंद मागें पडतें.

या अडचणीवर तोड काढली शार्ल एदुआर गीयोम या स्विस शास्त्रज्ञानें. पॅरिसजवळ सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजनमापांच्या संस्थेंत तो प्रमाणमापांसाठीं स्वस्त धातु शोधीत होता. १८९६ मध्यें त्यास असें आढळलें, कीं लोखंडांत शेंकडा ३६ निकेल मिसळल्यास मिश्रणाचें प्रसरण पोलादाच्या जेमतेम एकदशांश उरतें. या मिश्रणास 'इन्व्हार', म्हणजे न बदलणारें, असें नांव मिळालें, आणि १९२० सालीं गीयोमला पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. याचें मर्म चुंबकत्वांत आहे. उष्णतेनें धातु प्रसरण पावूं लागतो. त्याच वेळीं त्याचें चुंबकत्व क्षीण होऊन त्याचें आकारमान घटूं पाहतें, आणि दोन्ही परिणाम एकमेकांस जवळजवळ छेदतात. पुष्कळ तापवून चुंबकत्व नष्ट केलें, कीं हा गुणहि जातो.

तथापि इन्व्हार म्हणजे सर्वगुणसंपन्न पोलाद नव्हे. तें महाग आहे; पाण्यांत बुडवून कठीण होत नाहीं; आणि सारख्याच भारानें पोलादाच्या सुमारें दीडपट ताणलें जातें. शिवाय वर्षानुवर्षें त्याची लांबी किंचित् वाढत असल्यानें मोजणीच्या तारा मधून मधून प्रमाणमापाशीं ताडून पाहाव्या लागतात.

आज द्रवरूप नैसर्गिक वायु वाहून नेणाऱ्या कांहीं जहाजांत या दोन्ही धातूंची जोडी दिसते. टाकीच्या आंत शून्याखालीं सुमारें १६३ अंशांची थंडी असते. इतक्या थंडींत साधें कर्बयुक्त पोलाद कांचेसारखें ठिसूळ होतें. म्हणून आंतून इन्व्हारचा अवघा ०.७ मिलिमीटर जाडीचा पत्रा बसवितात. तो थंडींत चिवट राहतो आणि फारसा आंखडत नसल्यानें सांधे ओढले जात नाहींत. बाहेर लाटांचे तडाखे व साऱ्या मालाचा भार सोसावयाचा असतो, तें काम पोलादाच्या सांगाड्याचें. मध्यें उष्णतारोधक थर असतात. ते आणि तो पातळ पत्रा शाबूत आहेत तोंवरच बाहेरचें भक्कम पोलाद भक्कम राहतें.